ट्रे उचलण्याआधी

फार्माकॉलॉजीचं पुस्तक पाहूनच तुझ्या पोटात गोळा आला, असं तुझी आई सांगत होती. येऊ दे. ज्या मुलीला औषधाची अजिबात भीती वाटत नाही, तिच्या हाती मी माझा पेशंट दिला नसता. पण बाळ, ते पुस्तक परीक्षेसाठी एका पद्धतीनं वाचायचं असतं आणि वॉर्डासाठी दुसऱ्या. परीक्षेत ‘हाफ लाइफ म्हणजे काय’ असं विचारतात. वॉर्डात तसं कुणी विचारत नाही. तिथं तो शब्द तुझ्या हाताला सांगतो, थांब, किंवा घाई कर, किंवा आधी लघवीची पिशवी बघून ये. म्हणून नवा शब्द आला की वहीत त्याच्यापुढे अर्थाच्या आधी एक ओळ लिहायची: हा शब्द ऐकला की मी काय करणार? जिथं ती ओळ सुचत नाही, तो शब्द अजून तुझा झालेला नाही, मग व्याख्या कितीही घोकलेली असो.

सुरुवात केसपेपरवरच्या अक्षरांपासून कर, कारण बाकी सगळं त्यांच्यातून वाट काढून येतं. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एवढं दोन दिवसांत पाठ होतं. पाठ होऊनही मुली अडखळतात ते पुढे. टीडीएस आणि ‘आठ तासांनी’ हे एक नव्हे. टीडीएस गोळी सकाळ-दुपार-रात्र जेवणाच्या अंगानं दिली तर चालते. आठ तासांनी म्हटलेलं अँटिबायोटिक इंजेक्शन सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असंच जायला हवं. रात्रीचं आठला उरकलं तर पुढे दहा तासांची पोकळी पडते आणि जंतूंना तेवढी पुरते. एसओएस म्हणजे इमर्जन्सी असं निम्म्या वर्गाला वाटतं. ते ‘गरज पडली तर’ आहे. कशाची गरज, दोन डोसांत किमान किती अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एसओएस ऑर्डर घ्यायची नाही. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि डोलो, क्रोसिन, कॅलपॉल ही तीन नावं असली तरी औषध एकच आहे. पेशंटच्या उशाखाली घरून आणलेली स्ट्रिप असते. तीही मोजायची. स्टॅट म्हणजे आत्ता, आणि एकदाच. डोळ्यांच्या विभागात गेलीस तर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा असाही अर्थ घेतात. तिथं पाऊल टाकलंस की पहिल्याच दिवशी विचारून घे.

तुला स्वतःला लिहायची वेळ येईल तेव्हा चार वाईट सवयी हाताला लागूच देऊ नकोस. ‘युनिट’ला नुसतं यू लिहायचं नाही, घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. मायक्रोग्रॅमसाठी ती ग्रीक शेपटी काढायची नाही. ती मिलिग्रॅम वाचली गेली तर डोस हजारपट. पूर्ण आकड्यानंतर दशांश चिन्ह देऊन शून्य लिहायचं नाही, एक तर नुसता एक. आणि एकाहून कमी असेल तर दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहायचंच, ०.५ असं, नाहीतर ठिपका पुसट झाला की अर्ध्याचे पाच. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं २००४ साली यांतली बरीचशी खोडं ‘लिहू नका’ म्हणून यादीत घातली. आपल्याकडे यादी भिंतीवर असो नसो, तुझ्या हातात असू दे.

आता पेशंट. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद, हे तुम्हाला शिकवलंय. त्यातला पहिला सगळ्यात सोपा वाटतो आणि तिथंच घात होतो. खाटेजवळ जाऊन ‘तुम्ही महादेवम्मा ना?’ असं कधी विचारू नकोस. म्हातारी बाई कमी ऐकते, सिस्टरला नाही कसं म्हणायचं म्हणून ‘हौदु’ म्हणून मोकळी होते, आणि तू शिकतेस त्या म्हैसूरकडच्या स्त्रियांच्या वॉर्डात महादेवम्मा दोन निघाल्या तर नवल नाही. ‘निम्म हेसरु हेळि’ म्हणायचं, म्हणजे नाव त्यांच्याच तोंडून येतं. मग मनगटावरचा पट्टा आणि आयपी नंबर केसपेपरशी ताडून बघायचा. खाट नंबरावर विसंबायचं नाही. पंख्याखालची जागा मोकळी झाली की नातेवाईक पेशंट हलवतात. कन्नड येत नाही म्हणून गप्प बसू नकोस. मात्रे म्हणजे गोळी, तुरिके म्हणजे खाज, वांति म्हणजे उलटी, ‘तले सुत्तुत्ता’ म्हणजे चक्कर येते का, ‘ऊट आय्ता’ म्हणजे जेवण झालं का. एवढ्या पाच शब्दांवर औषधाच्या फेरीचं निम्मं काम भागतं. बाकीचं कन्नड आपोआप येईल, हॉस्टेलच्या मेसमध्ये.

गणिताला घाबरतेस, तर एकच उदाहरण नीट धर. दहा किलोचं मूल, ताप, डॉक्टरांनी किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशोबानं पॅरासिटामॉल लिहिलंय. झाले दीडशे मिलिग्रॅम. आता ‘किती एमएल’ या प्रश्नाला बाटली हातात घेतल्याशिवाय उत्तर नाही. पाच एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर सहा एमएल. पाच एमएलमध्ये २५० चं असेल तर तीन. आणि लहान बाळांचे थेंब, ज्यात एका एमएललाच शंभर मिलिग्रॅम असतात, ते असतील तर फक्त दीड. तिन्ही बाटल्यांवर औषधाचं नाव तेच, बऱ्याचदा कंपनीही तीच, रंगसुद्धा गुलाबीच. आई म्हणते, ‘घरी याच औषधाचे सहा एमएल देत होते.’ तिनं थेंबांच्या बाटलीतून सहा एमएल दिले असतील तर सहाशे मिलिग्रॅम गेले. म्हणून मुलांच्या वॉर्डात तोंडी ‘एमएल’मध्ये आलेली ऑर्डर घ्यायची नाही, मिलिग्रॅम विचारायचे आणि एमएल आपण बाटली बघून काढायचे. हवा असलेला डोस भागिले हातातला डोस गुणिले तो ज्या द्रवात आहे ते माप, एवढंच सूत्र.

टक्क्यांचं त्याहून सोपं. टक्क्याला दहानं गुण, की एका एमएलमधले मिलिग्रॅम मिळतात. लिग्नोकेन दोन टक्के म्हणजे एमएलला वीस. मॅग्नेशियम सल्फेट पन्नास टक्के म्हणजे एमएलला पाचशे, म्हणून त्याच्या दोन एमएलच्या अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. अ‍ॅड्रेनॅलिनवर १:१००० लिहिलेलं असेल तर एमएलला एक मिलिग्रॅम, १:१०००० असेल तर त्याचा दहावा भाग. एका शून्याचा फरक आहे आणि तो बघायची वेळ नेमकी धावपळीची असते. म्हणून इमर्जन्सी ट्रेमधली अँप्यूल कशी दिसते, तिच्यावर काय छापलंय, हे शांत दुपारी बघून ठेवायचं. सलाईनच्या थेंबांचं असं: आपल्याकडचा साधा सेट बहुधा वीस थेंबांना एक एमएल देतो, मायक्रो सेट साठ थेंबांना. पाचशे एमएल चार तासांत म्हणजे पाचशे गुणिले वीस भागिले दोनशे चाळीस मिनिटं, मिनिटाला बेचाळीस थेंब. मायक्रो सेटमध्ये तासाला जेवढे एमएल, मिनिटाला तेवढेच थेंब. तिथं आकडेमोडच नाही. पण सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो तो वाचूनच पाकीट फेकायचं.

इन्शुलिनवर मी जास्त वेळ घेणार आहे. रागवू नकोस.

आपल्या देशात इन्शुलिनची कुपी दोन ताकदींची मिळते, एमएलला चाळीस युनिटची आणि एमएलला शंभर युनिटची. सिरिंजही दोन: चाळीसची, जिचं टोपण लाल, आणि शंभरची, जिचं टोपण केशरी. कुपी आणि सिरिंज यांची जोडी जुळली तर खुणेवरचा आकडा म्हणजेच युनिट. जोडी चुकली की खूण खोटं बोलते. शंभरच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलंस तर अर्धा एमएल आला, म्हणजे पन्नास युनिट, अडीचपट. उलट चाळीसच्या कुपीतून केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत भरलंस तर आठच युनिट. पहिला पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध पडेल, दुसऱ्याची साखर उतरणार नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतील. तेव्हा कुपीवरचा आकडा मोठ्यानं वाच, सिरिंजवरचा मोठ्यानं वाच, मगच सुई रबरात घाल. सिरिंज संपल्या म्हणून साध्या दोन एमएलच्या सिरिंजनं ‘अंदाजे’ इन्शुलिन भरायचं नाही, कुणी कितीही अनुभवी सांगो. पेनच्या कार्ट्रिजमधूनही सिरिंजनं ओढायचं नाही. पाण्यासारखं स्वच्छ असलेलं रेग्युलर आणि दुधाळ एनपीएच एकत्र भरायचं असेल तर आधी स्वच्छ, मग दुधाळ. ग्लार्जिन मात्र स्वच्छ दिसत असलं तरी कशातच मिसळायचं नाही. शिरेतून द्यायला रेग्युलर चालतं, दुधाळ कधीच नाही. आणि रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, म्हणून टोचण्याआधी विचारायचं की ताट येणार आहे ना, की यांना एक्स-रेला न्यायचंय? पेशंट उपाशी पोटी ट्रॉलीवर तासभर लिफ्टपाशी पडलेला असतो आणि साखर खाली जात असते, असं दृश्य तुला दिसेल. साखर सत्तरच्या खाली, शुद्ध आहे, गिळता येतं, तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारायची.

इन्शुलिननंतर जपून हाताळायचं दुसरं नाव पोटॅशियम क्लोराइड. दहा एमएलची अँप्यूल, पंधरा टक्के, तिच्यात वीस मिलीइक्विव्हॅलंट. हे कधीही, कुणीही सांगितलं तरी, सिरिंजनं थेट शिरेत ढकलायचं नाही. हृदय थांबतं, आणि अशा वेळी पुन्हा सुरू होईलच असं नाही. ते सलाईनमध्ये घालून सावकाश जातं, साध्या वॉर्डात तासाला साधारण दहा मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत. पुस्तकात एवढं असतं. पुस्तकात नीट नसतं ते हे: टांगलेल्या, चालू असलेल्या बाटलीत पोटॅशियम टोचायचं नाही. ते जड असतं, तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्टच्या घट्ट शिरेत जातं. बाटली खाली काढायची, टोचायचं, आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, काय घातलं, किती, किती वाजता, सही, असं लेबल चिकटवायचं आणि मग टांगायची. आणि आधी लघवी होतेय ना ते बघायचं. मूत्रपिंड बंद असेल तर घातलेलं पोटॅशियम बाहेर पडायला वाट नाही. पोटॅशियमच्या अँप्यूल साध्या पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवलेल्या दिसल्या तर इन्चार्ज सिस्टरला सांगून वेगळ्या करून घे. सिस्टर कुरकुरल्या तरी करून घे.

आता ते चार शब्द, ज्यांनी तुझं पुस्तक सुरू होतं: शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन. गोळी पोटातून शोषली गेली की ती घेऊन निघालेलं रक्त आधी यकृतातून जातं, आणि यकृत म्हणजे जकातनाका, आपला वाटा काढून घेतल्याशिवाय माल सोडत नाही. म्हणून प्रोप्रॅनोलॉल तोंडानं चाळीस मिलिग्रॅम देतात आणि शिरेतून एकच. मॉर्फिन इंजेक्शनच्या तिप्पट तोंडानं द्यावं लागतं. तेव्हा ‘गोळी नाही, तेवढंच इंजेक्शन देऊन टाक’ ही सूचना ऐकली की हात थांबला पाहिजे. मार्ग बदलला की नवी ऑर्डर. छातीत दुखणाऱ्याला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात ते हा नाका चुकवायलाच. त्यानं ती गिळून टाकली तर उपयोग निम्मासुद्धा राहत नाही, म्हणून ती विरघळेपर्यंत तिथंच उभं राहायचं. त्याआधी रक्तदाब घ्यायचा आणि त्याला उठू द्यायचं नाही, चक्कर येऊन पडेल.

रायल्स ट्यूबमधून औषध देताना खलबत्त्याची सवय लागते. सगळं कुटून घालू नये. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं काही असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली आहे. कुटलीस तर दिवसाचा डोस दहा मिनिटांत. ज्या गोळीवर आतड्यात विरघळणारं कवच आहे, पँटोप्राझोल घे, तीही कुटायची नाही. डॉक्टरांना विचारून दुसरा प्रकार लिहून घ्यायचा.

हाफ लाइफ म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. तुला त्याचं एवढंच करायचंय: एक डोस चुकला तर किती धावायचं ते त्यावरून ठरवायचं. थायरॉइडच्या गोळीची हाफ लाइफ आठवडाभराची, एक दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. पेनिसिलिनची अर्ध्या तासाच्या आसपास, तिथं वेळ म्हणजे वेळ. डिगॉक्सिनची दीड-दोन दिवस, म्हणून ते साचतं, म्हाताऱ्या माणसात अधिक. ते देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. साठच्या खाली असले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, या पेशंटची नाडी बऱ्याचदा अनियमित असते. दिसायला पिवळं दिसतंय, जेवण जात नाही, मळमळतंय म्हणतात, तरी कळवायचं. आणि औषध निम्म्यावर येतं ते पुष्कळदा मूत्रपिंडाच्या जिवावर. जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन चालू असलेल्या पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट कोरा दिसला तर मला चीड येते. व्हॅन्कोमायसिन किमान तासाभरात सोडायचं, घाई केली की मान-चेहरा लालबुंद होतो आणि खाज सुटते. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घालायचं नाही, स्फटिक पडतात, नॉर्मल सलाईनच. सेफ्ट्रिॲक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका नळीत आणायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमशी ते साकळतं.

लोडिंग डोस आणि मेंटेनन्स डोस लेबर रूममध्ये शिक, तिथं शिकलेलं पुन्हा विसरत नाही. झटके आलेली गरोदर बाई, मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पद्धतीत सुरुवातीला चार ग्रॅम शिरेतून सावकाश आणि पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, म्हणजे एकूण चौदा ग्रॅम. मग दर चार तासांनी पाच ग्रॅम, आलटून पालटून. पहिला मोठा घास रक्तातली पातळी गाठायला, पुढचे छोटे ती टिकवायला. पण पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी तुझ्या डोळ्यांनी बघायच्या. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का. मिनिटाला श्वास सोळा किंवा वर आहेत का. मागच्या चार तासांत लघवी किमान शंभर एमएल झाली का. एकही उत्तर ‘नाही’ आलं तर डोस नाही. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट दहा टक्के, दहा एमएल, सिरिंजसह तिच्या उशाशी. तो उतारा आहे, आणि उतारा फार्मसीत असून उपयोग नाही.

उलटा धडा कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटचा. आपल्याकडे कोल्हापुरात काय आणि तिकडे मंड्या-चामराजनगरच्या खेड्यांत काय, शेतीच्या गावांतून हे पेशंट येतातच. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, छाती घरघरतेय. अ‍ॅट्रोपिनची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. एरवी एक अँप्यूल म्हणजे डोस; इथं डॉक्टर एकामागून एक फोडायला सांगतात, दर पाच मिनिटांनी दुप्पट. नवी मुलगी घाबरते, ऑर्डर चुकली असं तिला वाटतं. चुकलेली नसते. विषामुळे साचलेल्या रसायनानं शरीरातले ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, व्यापून टाकलेले असतात आणि अ‍ॅट्रोपिन हा त्यांचा विरोधक, जागा परत मिळवायला तेवढी फौज लागते. इथं डोस कागद ठरवत नाही, छाती ठरवते: घरघर थांबली, काख कोरडी पडली, ठोके ऐंशीच्या वर गेले की पुरे. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांची वाट बघत बसू नये. पण पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, कपडे ओढायला लागला, तर आता जास्त झालं. रिकाम्या अँप्यूल फेकायच्या नाहीत, किडनी ट्रेमध्ये रांगेनं ठेवायच्या. शेवटी मोजून लिहायचं, कारण त्या गडबडीत कुणाच्याच लक्षात आकडा राहत नाही.

साइड इफेक्ट आणि अ‍ॅलर्जी यांची सरमिसळ करू नकोस. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होणं, रिफाम्पिसिननं लघवी केशरी होणं, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागणं, हे साइड इफेक्ट. यातले पहिले दोन आधीच सांगून ठेवायचे; टीबीचा पेशंट लघवीचा रंग बघून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो, आणि ते त्या रंगापेक्षा फार महाग पडतं. पुरळ, ओठ सुजणं, श्वास लागणं ही अ‍ॅलर्जी. औषध ताबडतोब बंद, नस चालू ठेवायची, हाक मारायची, आणि मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० अर्धा एमएल मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ‘एटीडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे टेस्ट डोस देऊन मग. टेस्ट डोस सुखरूप गेला म्हणून पाठ फिरवायची नाही.

आणि विचित्र काही दिसलं तर ते कुणाला तरी सांगायचं. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, चौदा माणसं गेली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. तेव्हा आम्हाला अशी शंका लिहून पाठवायला रीतसर जागा नव्हती. आता आहे. २०१० पासून देशाचा औषध-दक्षता कार्यक्रम चालतो, त्याचं केंद्र गाझियाबादला, आणि फॉर्म नर्ससुद्धा भरू शकते. औषधानंच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुझी नाही, संशय पुरतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत नंबर डायरीत लिहून ठेव.

या बाबतीत तुझं नशीब जोरावर आहे. तू राहतेस त्या बन्नीमंटपात जेएसएसचं फार्मसी कॉलेज आहे, १९७३ पासूनचं, आणि फार्मासिस्टनं दुकानातून उठून वॉर्डात राऊंडला यायचं, हे शिक्षण आपल्या देशात अगदी सुरुवातीला ज्या ठिकाणी रुजलं त्यांत त्याचं नाव घेतात. आमच्या वेळी फार्मासिस्ट म्हणजे जाळीच्या खिडकीमागचा हात. इंडेंट आत सरकवायचं, औषध बाहेर. दोन औषधं एका सलाईनमध्ये चालतील का, हे विचारायला माणूसच नव्हता. इन्चार्ज सांगतील ते प्रमाण. तुझ्या वॉर्डात क्लिनिकल फार्मसीची मुलं फिरताना दिसली तर लाजू नकोस. त्यांना रेणू माहीत असतात, तुला पेशंट. दोघांनी मिळून चार प्रश्न विचारले तर राऊंड लांबतो, डॉक्टर घड्याळ बघतात, बघू देत.

नावांचा गोंधळ किती खोल जातो बघ. लासिक्स आणि लोसेक ही नावं हस्ताक्षरात इतकी सारखी दिसत, की अमेरिकेत १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. एक लघवीचं, एक आम्लपित्ताचं. डोपामीन-डोब्युटामीन, हायड्रालाझिन-हायड्रॉक्सीझिन, अशा जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरात मूळ नाव असतं, वाचायचं ते बारीक. तीन वेळा: कपाटातून काढताना, भरताना, पेशंटपाशी. फोनवर ऑर्डर आली तर परत वाचून दाखवायची आणि आकडा फोडून म्हणायचा, ‘फिफ्टीन, एक-पाच’. दुसऱ्यानं भरलेली सिरिंज आपण टोचायची नाही, आणि देण्याआधी सही करायची नाही. मॉर्फिनची किल्ली, रजिस्टर, फुटलेली अँप्यूल, यांत एकटीनं काही करायचं नाही, साक्षीदार हवाच. हा अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे, इथं सिस्टरची ओळख कामाला येत नाही.

दसऱ्याला जंबो सवारी राजवाड्यातून निघून तुझ्याच दारात, बन्नीमंटपात पोचते आणि संध्याकाळी मैदानावर मशालींची कवायत असते. हौस म्हणून बघ, पण त्या दिवशी ड्यूटी असेल तर दुपारीच जेवणाचा डबा आणि रात्रीचा औषधसाठा बघून ठेव. रस्ते बंद असतात, बदलीची मुलगी उशिरा येते. ती येईपर्यंत आठचे डोस तुझेच. नऊला दिलास तर नऊच लिहायचं. आठ लिहिलंस तर पुढचा डोस देणारी फसते.

राहिलं डिस्चार्जचं. १-०-१ लिहून दिलं की आपलं संपलं, असं नसतं. प्रत्येक स्ट्रिप हातात घेऊन दाखवायची, आणि मग पेशंटकडूनच म्हणवून घ्यायचं की कुठली केव्हा. सांधेदुखीला मेथोट्रेक्सेट लिहिलेलं असेल तर दोनदा म्हणवून घ्यायचं, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत. ‘आठवड्यातून एकदा’ एवढं लिहून भागत नाही. वार ठरवायचा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायचा. सोमवार लिही; तो कन्नडमध्येही सोमवारच आहे. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असेल तर ते कुठल्या वारी, हेही डॉक्टरांकडून लिहून घे, दोन्ही गोळ्या पिवळ्या असल्या की घरी गेल्यावर कोण कुठली ते कळत नाही.